ट्रेसी चॅपमनची पहिली कॅसेट, ३३ वर्षांनी

ट्रंकेतून कॅसेट काढली आणि उलटी धरली, तर आतला फेल्टचा बारीक तुकडा निसटून फरशीवर पडला. हा तुकडा टेपला तिच्यावरचा आवाज वाचणाऱ्या हेडवर दाबून धरतो. तो नसेल तर गाणं वाजतं, पण गोधडीखालून आल्यासारखं. इतक्या वर्षांत त्याचा डिंक सुकून गेला होता. टेप रेकॉर्डरचीही तीच गत. आतला रबरी पट्टा वितळून डांबरासारखा चिकट झाला होता. टिळक चौकाकडच्या एका गल्लीत अजून एक कारागीर ही कामं करतात. त्यांनी नवा पट्टा घातला, स्पिरिटनं हेड पुसलं, फेल्टचा तुकडा दुसऱ्या एका फुकट गेलेल्या कॅसेटमधून काढून माझ्या कॅसेटला लावला. दीडशे रुपये घेतले आणि म्हणाले, "ताई, हे गाणं मोबाईलवर मिळतंय की." मिळतंय, मला माहीत आहे. पण मला हीच कॅसेट ऐकायची होती.

अमेरिकन गायिका ट्रेसी चॅपमनचा हा पहिला अल्बम. नावही तिचंच, दुसरं काही नाही. एप्रिल १९८८ मध्ये अमेरिकेत निघाला. ११ गाणी, सगळी मिळून जेमतेम ३६ मिनिटं. तेव्हा ती २४ वर्षांची होती. ओहायोतल्या क्लीव्हलंड या कारखान्यांच्या शहरात एकट्या आईनं वाढवलेली, शिष्यवृत्तीवर शिकलेली, बोस्टनजवळच्या केंब्रिजमधल्या हार्वर्ड स्क्वेअरमध्ये रस्त्यावर उभी राहून गाणारी.

मी ती घेतली १९९२ मध्ये. वक्तृत्व स्पर्धेसाठी पुण्याला गेले होते, शंभर रुपयांचं बक्षीस मिळालं, त्यातले ४५ या कॅसेटवर घातले. ओळखीचं काहीच नव्हतं, ना गायिका ना गाणी. कव्हरवरचा चेहरा बघून घेतली. मातीच्या रंगाचा फोटो, खाली झुकलेली मान, खाली वळलेली नजर. दुकानातल्या बाकीच्या सगळ्या कव्हरांवरची माणसं माझ्याकडं बघत होती, ही बघत नव्हती. शिवाय ती सावळी होती, आमच्या घरातल्या बायांसारखी. ४५ रुपये म्हणजे तेव्हा माझ्या अक्काची दोन दिवसांची मजुरी होती. घरी आल्यावर किंमत सांगताना घसा कोरडा पडला होता, हे अजून आठवतं.

आमचं घर सोलापूरच्या पूर्व भागात. दोन खोल्या, पलीकडं यंत्रमागांची खटखट. दादा, म्हणजे माझे वडील, गिरणीत साचेवाले. आई आणि अक्का विड्या वळायच्या. कारखान्यातून पानं, तंबाखू आणि दोरा आणायचा, मांडीवर सूप घ्यायचं, पत्र्याच्या मापानं पान कापायचं, हजाराचा आकडा पुरा करायचा, दुसऱ्या दिवशी नेऊन द्यायच्या. खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्यांचे पैसे नाहीत. अक्कानं नववीत शाळा सोडली ती या हजाराच्या आकड्यासाठी. ती बसली म्हणून मी शिकले. हे आमच्या घरात कुणी कधी बोलून दाखवलं नाही, पण सगळ्यांना पाठ होतं.

तेव्हा मला इंग्रजी वाचता यायचं, ऐकता यायचं नाही. शब्दकोश आणि वही घेऊन बसायचे. एक ओळ ऐकायची, थांबवायची, मागं घ्यायची, पुन्हा ऐकायची. त्या कॅसेटची पहिली बाजू मी अशी महिनाभर उसवली. जेवढं कळेल तेवढं संध्याकाळी आई आणि अक्काला मराठीत सांगायचे. त्यांचे हात चालू असायचे, कान माझ्याकडं. त्यामुळं या अल्बमचे पहिले समीक्षक माझ्यासाठी त्या दोघी आहेत, आणि आज पुन्हा ऐकताना मला पटतंय की त्यांना जे कळलं होतं ते मला तेव्हा कळलं नव्हतं.

पहिलं गाणं 'टॉकिन बाउट अ रेव्होल्यूशन'. अठराव्या वर्षी मला हेच गाणं म्हणजे सगळा अल्बम वाटायचं. क्रांती हा शब्द सोलापूरच्या मुलीला काही नवा नाही. मार्शल लॉचं, म्हणजे इंग्रजांनी लष्करी कायदा लावलेलं गाव आमचं. मल्लाप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकिसन सारडा आणि जगन्नाथ शिंदे यांना १२ जानेवारी १९३१ ला येरवड्यात फाशी झाली आणि शाळेत असताना दरवर्षी आम्ही चार हुतात्मा पुतळ्यापाशी जाऊन घोषणा दिल्या. आमची क्रांती अशी, चौकातली, छाती भरून ओरडायची. दादांनी तरुणपणी बार्शीचे शाहीर अमर शेख ऐकले होते, संयुक्त महाराष्ट्राच्या सभांमध्ये. तो आवाज मैदानाच्या शेवटच्या माणसापर्यंत कसा जायचा, ते हात वर करून सांगायचे. त्यांनी हे गाणं ऐकलं आणि विचारलं, "ही कुणाला सांगायलीय? सभा कुठाय?"

प्रश्न अगदी नेमका होता. गाण्यात सभा नाहीच. क्रांती कुजबुजीसारखी ऐकू येते, असं ती म्हणते. सरकारी मदतीच्या रांगा, बेकारांच्या रांगा, धर्मादाय संस्थेच्या दारात ताटकळणारी माणसं आणि त्या रांगांमधली कुजबुज. शाळकरी वयात लिहिलेलं गाणं आहे हे, आणि ते वय आज त्यात ऐकू येतं. चाल देखणी आहे, आवाजात खात्री आहे, पण गरिबांनी उठून आपला वाटा घ्यावा इतकं बोलून ते थांबतं. अठराव्या वर्षी मला तेवढं पुरायचं. आता मी गणवेश शिवणाऱ्या एका कारखान्यात हिशेब लिहिते, महिन्याच्या सात तारखेला बायकांच्या रांगेसमोर पाकिटं ठेवते. रांगेत काय कुजबुजतात ते मला आता माहीत आहे. त्या उचल मागायची कशी, हे ठरवत असतात. हे गाणं मला अजून आवडतं, पण अल्बमचं खरं बळ त्याच्यात नाही.

ते बळ दुसऱ्या गाण्यात आहे. 'फास्ट कार'. गिटारवर चार-पाच सुरांचं एक वळण, तेच पुन्हा, तेच पुन्हा. मागाचा धोटा इकडून तिकडं जातो, परत येतो, तसं. पाच मिनिटांच्या गाण्यात ते वळण जवळजवळ सुटतच नाही. एक मुलगी आहे. बाप दारूत बुडालेला, आई सोडून गेलेली, बापाचं करायला कुणी नाही म्हणून हिनं शाळा सोडली. ती किराणा सामानाच्या दुकानात काम करते, थोडे पैसे साठवते आणि गाडीवाल्या मित्राला म्हणते, चल, शहरात जाऊ, दोघंही कामं धरू. मग शहर. त्याला काम नाही, ती दुकानात गिऱ्हाइकांचे पैसे घ्यायच्या टेबलावर बसते. मग मुलं होतात. मग तिला बरी नोकरी लागते, सगळी बिलं तीच भरते आणि तो बारमध्ये उशिरापर्यंत बसतो. बाप जसा होता तसाच नवरा. शेवटी ती त्याला सांगते, गाडी घे आणि जा.

मी हे पहिल्यांदा मराठीत सांगितलं तेव्हा अक्का सुपातून मान वर न करता म्हणाली, "किती साठले होते गं तिच्याकडं?"

मी म्हटलं, "थोडेच. आकडा नाही सांगितला."

"थोडे म्हणजे किती? एका महिन्याचं भाडं तरी निघंल का?"

मला तेव्हा तिचा राग आला होता. मी काय सांगतेय आणि ही काय विचारतेय! आज गाणं ऐकताना मी स्वतः तोच हिशेब करत होते. कारण ते गाणं त्याच हिशेबानं लिहिलंय. प्रत्येक कडव्यात कोण कमावतं आणि कोण खर्च करतं याची नोंद आहे. स्वप्न मोठं की छोटं, हे ती साठवलेल्या पैशावरून सांगते. गरिबी वाईट, व्यवस्था वाईट, असं एकही वाक्य त्यात नाही. फक्त नोंदी आहेत, आणि खाली बेरीज केली की शिल्लक शून्य. मी रोज वहीत जे करते तेच, पण तिनं ते गाऊन दाखवलं.

आणि मध्ये ती एक जागा आहे जिथं ढोल येतो. गाडी वेगात चाललीय, शहराचे दिवे समोर पसरलेत, त्याचा हात तिच्या खांद्यावर आहे आणि आपणही कुणीतरी होऊ असं तिला वाटतं. तेवढ्यापुरतं गाणं मोकळं होतं, रुंद होतं. ही आठवण आहे, घडलेल्या एका रात्रीची. मग ढोल थांबतो आणि परत तेच गिटारचं वळण, परत दुकान, परत भाडं. दर वेळी ढोल येतो तेव्हा तीच आठवण, पण दर वेळी ती आणखी मागं गेलेली. ही रचना मला तेव्हा कानांना कळली होती, आता हाडांना कळते.

हे गाणं प्रेमगीत म्हणून वाजवतात, मॉलमध्ये, लग्नाच्या व्हिडिओखाली. २०२३ मध्ये ल्यूक कोम्ब्स या अमेरिकन कंट्री गायकानं ते पुन्हा गायलं आणि त्या वर्षी कंट्री म्युझिक असोसिएशनचा सर्वोत्तम गाण्याचा पुरस्कार चॅपमनला मिळाला, गाणं निघाल्यावर ३५ वर्षांनी. त्या पुरस्काराच्या इतिहासात हा मान मिळवणारी ती पहिली कृष्णवर्णीय गीतकार. कोम्ब्सनं शब्द बदलले नाहीत, गल्ल्यावर बसणारी मुलगी तो मुलगीच ठेवून गातो, हे मला फार आवडलं. फेब्रुवारी २०२४ मध्ये ग्रॅमी या संगीत पुरस्कारांच्या मंचावर दोघं मिळून गायले, ती क्लिप माझ्या भाचीनं मला पाठवली. "मावशी, तुझ्या कॅसेटवाली बाई." केस पांढरे झालेत तिचे. आवाज तसाच, खोल, किंचित थरथरणारा. त्या क्लिपमुळंच मी यंदा ट्रंक उघडली.

तिसरं गाणं 'अक्रॉस द लाइन्स'. रेल्वेच्या रुळांपलीकडं जायचं कुणी, हा त्याचा विषय. रुळांच्या एका बाजूला गोऱ्यांची वस्ती, दुसऱ्या बाजूला काळ्यांची. एका काळ्या मुलीवर हल्ला होतो, त्यातून दंगल पेटते, माणसं मरतात आणि दोष त्या मुलीलाच लावतात. सोलापुरात 'रेल्वे लाइन्स' नावाचा भागच आहे. झाडं, बंगले, दवाखाने, शांतता. आम्ही तिकडं जायचो ते कुणी आजारी पडलं की. त्यामुळं 'लाइन्स' म्हटलं की माझ्या डोळ्यांपुढं तोच भाग यायचा आणि ते गाणं मला आमच्याच गावचं वाटायचं. अर्थ मी चुकीचा लावत होते, पण त्यातली भीती बरोबर पोचत होती. कुणी कुठं पाऊल टाकायचं हे ठरलेलं असतं आणि ते कुणी लिहून ठेवलेलं नसतं. आज ऐकताना सगळ्यात जास्त अंगावर येते ती गाण्याची संथ चाल. दंगलीचं गाणं असून कुठंही आवाज चढत नाही.

आणि मग चौथं. 'बिहाइंड द वॉल'. पावणेदोन मिनिटांच्या आसपास. गिटार नाही, ढोल नाही, काहीही नाही. एकटा आवाज. रात्री भिंतीपलीकडून बाईच्या किंकाळ्या ऐकू येतात, झोप उडते. पोलिसांना बोलवून उपयोग नाही, ते उशिरा येतात, आले तर. आले तरी नवरा-बायकोच्या भांडणात पडता येत नाही म्हणतात. एका रात्री किंकाळी येते आणि नंतर एकदम शांतता. मग रुग्णवाहिका, आणि जमलेल्या लोकांना पोलीस घरी जाऊन झोपायला सांगतो.

इथं माझ्या जुन्या कॅसेटनं एक गोष्ट केली, जी मोबाईलवर होणार नाही. टेप वर्षानुवर्षं गुंडाळून पडली की एका वेढ्यावरचा आवाज शेजारच्या वेढ्यावर पुसटसा उमटतो. चुंबकानं चुंबकाला लागण होते. एरवी ते संगीतात झाकलं जातं, पण शांततेत ऐकू येतं. तिसरं गाणं संपलं, टेपची खरखर सुरू झाली आणि तिनं गायला तोंड उघडायच्या आधी, क्षणभर आधी, तिचाच आवाज फार लांबून, पुसट, शब्द न कळणारा, ऐकू आला. भिंतीपलीकडून आल्यासारखा. मी उठून दाराची कडी बघून आले.

१९९२ मध्ये मी हे गाणं आई-अक्काला सांगायला घाबरत होते. आमच्या भिंतीपलीकडंही हेच चालायचं. सगळ्या आळीला माहीत होतं. शेवटी एका दुपारी सांगितलं. आई बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, "या बाईनं वाटी घेऊन जायला पाहिजे होतं."

माझ्या ध्यानात आलं नाही. अक्कानं सांगितलं. पलीकडं आवाज वाढला की आई मला किंवा तिला वाटी देऊन पाठवायची. "जा, मीठ मागून आण." रात्री अकरा वाजता मीठ. मला लहानपणी वाटायचं, आमच्या घरात मीठ नेहमी रात्रीच कसं संपतं. दार वाजायचं, पोर दारात उभं असायचं, हात थांबायचा. ती काकू डोळे पुसत मीठ द्यायची. तेवढ्यापुरतं थांबायचं. नेहमीसाठी थांबलं नाही, ते मी खोटं सांगणार नाही. पण गाण्यातल्या बाईला पोलीस आणि अंधार याशिवाय काही सुचत नाही, आणि माझ्या अशिक्षित आईला वाटी सुचली होती. चॅपमनचं गाणं मला थोर वाटतं. त्यात शेजारणीची हतबलता आहे ती खरी आहे, एका वाद्याचाही आधार न घेता ती गायलीय हे धाडसाचं आहे. तरी दर वेळी ऐकताना मी मनात वाटी घेऊन उठते.

पहिली बाजू संपते 'बेबी कॅन आय होल्ड यू'वर. माफीचा शब्द ज्याच्या तोंडातून निघत नाही अशा माणसाबद्दलचं छोटं, गोड गाणं. त्या किंकाळीनंतर लगेच हे येणं मला नेहमीच खटकत आलंय. पण चांगलं आहे.

दुसऱ्या बाजूबद्दल माझं मत तेवढं चांगलं नाही. 'व्हाय?' हे नुसत्या प्रश्नांचं गाणं. जगाला पुरेल इतकं अन्न असताना बाळं उपाशी का मरतात, वगैरे. प्रश्न रास्त आहेत, पण ढोल त्या काळचा जोरकस आणि शब्द मोर्चाच्या फलकावरचे. ज्या बाईनं 'फास्ट कार' लिहिलं तिच्याकडून मला एक घर हवं, एक पगार हवा, आख्खं जग नको. 'शीज गॉट हर टिकेट' ठीक. 'माउंटन्स ओ थिंग्ज' मात्र अठराव्या वर्षी मी पुढं पळवायचे, ते आता मला या बाजूचं सगळ्यात चांगलं वाटतं. गरीब बाई श्रीमंतीचं स्वप्न बघतेय, मोठी गाडी, हाताखाली नोकर, वस्तूंचे डोंगर, आणि त्या स्वप्नात तीही माणसांना पायरीसारखी वापरायला लागते. गरिबाला देव्हाऱ्यात न बसवणारं गाणं आहे. 'फॉर माय लव्हर'मध्ये प्रेमासाठी व्हर्जिनियातल्या तुरुंगात दोन आठवडे आणि जामिनाची रक्कम २० हजार डॉलर. बघा, आकडा आला की ही बाई लगेच जिवंत होते. शेवटचं 'फॉर यू' हळू आवाजातलं, जवळ बसून गायल्यासारखं.

निर्माता डेव्हिड कर्शेनबॉम. त्यानं आवाज आणि गिटार सगळ्यांच्या पुढं ठेवले, लॅरी क्लाइनचा बास आणि डेनी फाँगहायझरचा ढोल मागं. १९८८ ची बाकीची गाणी यांत्रिक ढोलांमुळं आज जुनाट वाटतात, ही कॅसेट वाटत नाही, त्याचं श्रेय या निर्णयाला.

एक गोष्ट मला फार उशिरा कळली. ११ जून १९८८ ला लंडनच्या वेम्बली मैदानावर नेल्सन मंडेलांच्या सत्तरीचा कार्यक्रम झाला, ते तुरुंगातच होते. गायक स्टीव्ही वंडरच्या वाद्ययंत्राची डिस्क सापडेना, म्हणून रिकामा वेळ भरायला आधी गाऊन झालेल्या चॅपमनला पुन्हा एकटीला गिटार देऊन मंचावर पाठवलं. तिथून 'फास्ट कार' जगभर गेलं. आणि त्याच वर्षी ३० सप्टेंबरला अ‍ॅम्नेस्टी इंटरनॅशनल या संस्थेच्या मानवी हक्कांसाठीच्या दौऱ्यात ती दिल्लीला, जवाहरलाल नेहरू स्टेडियममध्ये गाऊन गेली. ब्रूस स्प्रिंगस्टीन, स्टिंग, पीटर गॅब्रिएल, युसू न्दूर यांच्याबरोबर. मी तेव्हा चौदा वर्षांची होते, सुट्टीत विड्यांना दोरा बांधायला बसायचे. ती आपल्या देशात येऊन गेली होती, हे वाचलं तेव्हा उगाच डोळे भरून आले.

नव्यानं ऐकणाऱ्यांना सांगते. २०२५ च्या एप्रिलमध्ये याची मोठी तबकडी पुन्हा निघाली आहे, परवडत असेल आणि वाजवायला यंत्र असेल तर घ्या. नसेल तर मोबाईल चालेल, फक्त गाणी सुटी करून ऐकू नका. पहिल्या चार गाण्यांचा क्रम मोडू नका. इंग्रजी अडखळत असेल तर शब्द समोर ठेवा आणि कुणाला तरी मोठ्यानं मराठीत सांगा. अर्थ सांगताना जे कळतं ते नुसतं ऐकताना कळत नाही.

गेल्या रविवारी मी टेप रेकॉर्डर आणि कॅसेट घेऊन कुंभारीला गेले. विडी कामगारांच्या दहा हजार घरांच्या गोदूताई परुळेकर वसाहतीत अक्काचं घर आहे, स्वतःच्या नावावरचं. दादा आणि आई आता नाहीत. अक्काला तंबाखूच्या धुळीचा खोकला आहे, तरी दिवसाला पाचशे वळतेच. शेंगाचटणी आणि कडक भाकरी काढली, मग सूप घेऊन बसली. मी पहिली बाजू लावली. 'फास्ट कार' लागलं तसे तिचे हात जरा हळू झाले. गोष्ट तिला आठवत होती, मला सांगावी लागली नाही. गाणं संपलं.

"ती गाडी त्याची होती ना?"

"हो, त्याचीच."

"मग तिनं एवढं कमवून स्वतःच्या नावावर काय घेतलं?"

मी गाण्यात शोधलं. तिथं काही नव्हतं. अक्कानं दोरा दातात धरला आणि हातानंच खूण केली, मागं घे, परत लाव.